बत्तीस नंबरचा हात

माझ्या बायकोला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. म्हणूनच त्या मे महिन्यात मी तिला टेबल केलं. टेबल म्हणजे मैदानाच्या कडेला बसून, पंचाच्या हाताच्या खुणा बघून, कुणाचा फाउल झाला ते लिहून घेणारी माणसं. ती मागच्या पडवीत हाताला खोबरेल चोपडून फणसाचे गरे काढत बसायची. मी अंगणात तिच्यासमोर उभा राहायचो, मूठ वर करायचो आणि मग हातांनी एक नंबर दाखवायचो. तिने दिसेल तो आकडा मोठ्याने म्हणायचा, एवढंच काम.

मी चोवीस दाखवला.

"सा," ती म्हणाली.

"सहा कसे होतील? नीट बघ."

"नीटच बघतंय. हयसर दोन बोटां, थंयसर चार. दोन नि चार सा. तुमच्या खेळात वेगळे होतत काय?"

तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. पूर्वी खेळाडूंच्या पाठीवर चार ते पंधरा एवढेच नंबर असायचे. दहापर्यंत बोटं मोजायची, त्यापुढे एक मूठ आणि दुसऱ्या हाताची बोटं, संपलं. आता शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत कुठलाही नंबर चालतो. त्यासाठी नवी खूण आली. आधी दशक दाखवायचा, पण हात उलटा करून, हाताची पाठ टेबलाकडे ठेवून. मग एकक दाखवायचा, तळहात टेबलाकडे करून. हात उलटा करायला विसरलात की चोवीसचे सहा होतात आणि बत्तीसचे पाच. शेंबड्या पोरालाही जमेल इतकं सोपं आहे. मला जमत नव्हतं.

मी शाळेत खेळाचा शिक्षक आहे. त्रेपन्न वर्षांचा झालो, त्यातली सव्वीस वर्षं पंच म्हणून शिट्टी वाजवण्यात गेली. शाळेत आता माझे खेळाचे तास कुणी ना कुणी मागून नेतं. मी खिचडीवर देखरेख करतो, फॉर्म भरतो, निवडणूक आली की मतदारयाद्या घेऊन घरोघर फिरतो. मुख्याध्यापक मला हाक मारतात ती बहुतेक वेळा कुणीतरी रजेवर असतं म्हणून. पण करड्या शर्टात, गळ्यात शिट्टी घालून मी मैदानात उतरलो की चाळीस मिनिटं माझ्या शब्दाला किंमत असते. ती चाळीस मिनिटं गेली तर माझ्याकडे काय उरणार, हा विचार सारखा यायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय, आणि कुणाला?

माझी खरी अडचण मात्र बोटांची नव्हती, ती सव्वीस वर्षांच्या लाडावलेल्या सवयीची होती. आमच्या तालुक्यात नंबराने फाउल लिहिलाच जायचा नाही. टेबलावर कायम एकच माणूस असायचा, पोस्टातला माझा जुना मित्र. त्याला तालुक्यातलं प्रत्येक पोर ठाऊक. कुणाचा बाप कुठल्या होडीवर जातो, कुणाची आई कुठल्या अंगणवाडीत आहे, सगळं. मी शिट्टी मारली की मैदानातूनच ओरडायचो, "मसुऱ्याचो! हातावर!" किंवा "आचऱ्याचो, ढकलल्यान!" माझं वाक्य संपेपर्यंत त्याची पेन्सिल उचललेली असायची. एका शाळेच्या संघात पाच-सहा गावची मुलं असतात, तेव्हा गाव सांगितलं की माणूस सापडला. एकाच गावची दोन असली तर मी वाडी सांगायचो. हातही हलवायचो मी, नाही असं नाही, पण ते आरतीला टाळ्या वाजवतात तसं, जमेल तसं.

आणि दुसरी एक गोष्ट आम्ही धरून ठेवली होती. फार पूर्वी असा नियम होता की ज्याचा फाउल झाला त्या खेळाडूने स्वतःच हात वर करायचा. तो नियम केव्हाच गेला. पण मी उन्हाळी शिबिरात तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या मुलांना ते शिकवत राहिलो. शिट्टी वाजली, चूक आपली असली, तर हात वर करायचा. पंच काय म्हणतो याची वाट बघायची नाही. मुलं करायचीही. बाहेरून आलेले संघ हसायचे, ही काय वर्गात बसलीत का म्हणून. मला त्याचा फार अभिमान होता. माझा सगळा शिक्षकपणा त्या एका हातात आहे असं मी भाषणांतून सांगत असे. आज ते आठवलं तरी कानशिलं तापतात.

पोस्टातला मित्र निवृत्त होऊन मुलाकडे ठाण्याला गेला आणि त्याच वर्षी संघटनेचं पत्र आलं. जिल्ह्यातल्या सर्व पंचांनी कुडाळला नव्या खुणांचं प्रशिक्षण घ्यायचं. जो उत्तीर्ण होणार नाही त्याचं नाव पंचांच्या यादीतून कमी होईल.

कुडाळच्या सिमेंटच्या मैदानावर आम्ही अठरा जण उभे होतो. शिकवायला पुण्याहून आलेला मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा असेल. बोलायला अतिशय नम्र होता, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना. त्याने सांगितलं की फाउल दिल्यावर गर्दीतून बाहेर यायचं, टेबलाला स्वच्छ दिसेल अशा जागी थांबायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे, मग नंबर, मग फाउलचा प्रकार, मग पुढे काय ते. प्रत्येक खूण सेकंदभर धरून ठेवायची. चालता चालता नाही, पळता पळता नाही. आणि ओरडायचं तर मुळीच नाही.

"सर, तुमचा डावा हात कुणाला बोलावतोय?" त्याने मला विचारलं.

मी बघितलं. उजवी मूठ वर होती आणि डावा हात समोरच्या खेळाडूच्या कमरेकडे, तळवा खाली करून. पूर्वी ती खूण होती: एक मूठ वर, दुसरा हात दोषीच्या कमरेकडे. आता ती काढून टाकली आहे. मी हात खाली घेतला. पुढच्या शिट्टीला तो पुन्हा गेला. त्याच्या पुढच्यालाही. माझ्या मागे उभे असलेले तरुण पंच हसू दाबत होते ते मला पाठीला कळत होतं. फाउलनंतर दोन पंचांनी जागा बदलायच्या असतात, त्यातही मी घोटाळा केला आणि मी नि माझा जोडीदार दोघेही एकाच बास्केटखाली जाऊन उभे राहिलो. दुसरी बाजू मोकळीच. तेव्हा मात्र सगळे उघड हसले. मीही हसलो. न हसून करतो काय.

मी नापास झालो. पुण्याच्या मुलाने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की एक संधी आहे. शालेय स्पर्धा सुरू झाल्या की एका सामन्याला निरीक्षक येईल, तो फक्त माझ्या खुणा तपासेल. तेवढ्या एका सामन्यात हात नीट चालले तर नाव राहील. "तुमचा खेळाचा अंदाज उत्तम आहे सर, फक्त हात तेवढे," तो म्हणाला. एस.टी.त बसल्यावर कंडक्टरने किती तिकिटं विचारली तर मी एक बोट उलट्या हाताने दाखवलं. "हात असो कित्याक धरलास, मोडलो काय?" तो म्हणाला. मालवण येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

म्हणून बायको टेबल झाली. डाव्या हाताला आवर घालायला, उजवी मूठ वर असेपर्यंत डाव्या मुठीत सुपारी धरायला तिने सांगितलं. सुपारी पडली की चूक. मी दिवसभर सुपारी पाडत होतो. बत्तीस म्हणून दाखवला की ती "पाच" म्हणायची, एकेचाळीसलाही "पाच" म्हणायची, तेवीसलाही "पाच". एकदा सलग अकरा वेळा चुकलो. मी सुपारी विहिरीकडे भिरकावली आणि पायरीवर डोकं धरून बसलो. मला रडू फुटलं. इतकं साधं काम, हात फिरवायचं, आणि माझाच हात माझं ऐकत नव्हता. मी मेलो तरी हे मला जमणार नाही असं अगदी खरोखर वाटलं.

बायको हात पुसत आली. "सोडून देवा मगे," ती म्हणाली. "घरी बसा सुखान."

"सुखाने बसेन असं वाटतं तुला?"

 ती आत जाऊन दुसरी सुपारी घेऊन आली.

त्या रविवारी मी मित्राला ठाण्याला फोन केला. म्हटलं, तू सांग, तुला माझ्या खुणा कळायच्या ना? तो पोटभर हसला. "अरे, तुझे हात मी कधी बघलंय? तू वराडत होतंस, मी लिवत होतंय. तू हात हलवत होतंस तेव्हा माका वाटत होता तू घाम पुसतंस." त्याने ते प्रेमाने म्हटलं होतं. मी फोन ठेवला. सव्वीस वर्षांत माझी एकही खूण कुणी वाचली नव्हती.

त्याच मे महिन्यात शिबिरात ती मुलगी होती. तोंडवलीची. बाप ट्रॉलरवर, वर्षातले बरेच दिवस समुद्रावर. घरात ती आणि आई. मामाने किनाऱ्यावर पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. तिची धाव अशी की मी शिट्टी तोंडात धरून नुसता बघत राहायचो. पाच नंबर घालायची. तिने मला एकदा सरळ सांगितलं होतं, "विभागाच्या टीमीत घेतल्यानी तर कोल्हापुराक हॉस्टेल गावतला, सर. नायतर मामाच्या रूमी आसतच झाडूक." तिच्या संघातली मसुऱ्याची मुलगी तिची सावलीच होती, तोंडवलीची उजवीकडे वळली की ही पण उजवीकडे. मुंबईच्या कुणा चाकरमान्याने त्यांच्या शाळेला नव्या जर्सी दिल्या, त्यात या मसुऱ्याच्या मुलीला बत्तीस नंबर आला. मला तेव्हा तो नंबर बघून धस्स झालं होतं. स्वतःसाठी झालं होतं, तिच्यासाठी नाही.

गणपती झाले, स्पर्धा लागल्या. मुलींचा जिल्ह्याचा अंतिम सामना कुडाळला, दुपारचा. मला त्याच सामन्याला निरीक्षक मिळाला. टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेले दोघं रत्नागिरीहून आलेले. त्यांना मसुरे कुठे आणि तोंडवली कुठे, काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. टेबलाशेजारी खुर्चीत निरीक्षक, मांडीवर वही. त्याच्यापलीकडे विभागाचा संघ निवडायला आलेली दोन माणसं. म्हणजे त्या दिवशी मैदानावर माझी परीक्षा होती आणि त्या मुलीचीही.

आणि काय सांगू, मला जमत होतं. पहिली तीन क्वार्टर हात असे चालले की जणू दुसऱ्याच कुणाचे आहेत. बाहेर यायचं, थांबायचं, पाय टेकवायचे, उलटा हात, सुलटा हात. शिट्टीच्या वेळी डावी मूठ मी रिकामीच घट्ट धरत होतो, सुपारी असल्यासारखी. एकदा नजर गेली तर निरीक्षक मान हलवत होता. कित्येक महिन्यांनी मला श्वास पूर्ण घेता आला.

शेवटच्या क्वार्टरला चार मिनिटं उरली होती. तोंडवलीवाल्यांचा संघ एका गुणाने मागे. पाच नंबरच्या मुलीचे चार फाउल झाले होते. पाचवा झाला की खेळाडूला बाहेर जावं लागतं, पुन्हा आत येता येत नाही. ती जपून खेळत होती. समोरच्या संघाची मुलगी बास्केटखाली उडी मारायला गेली आणि बत्तीस नंबरने, मसुऱ्याच्या मुलीने, तिच्या मनगटावर मारलं. अगदी उघड. मी शिट्टी मारली, मूठ वर केली. पाच नंबर तिथेच, हातभरावर उभी होती, पण तिने कुणाला स्पर्शही केला नव्हता.

"मसुऱ्याची!" हा शब्द माझ्या गळ्यापर्यंत आला. मी तो गिळला. ओरडायचं नाही. बाहेर आलो, थांबलो, पाय टेकवले. आणि एका हाताची तीन बोटं, दुसऱ्या हाताची दोन, दोन्ही तळवे टेबलाकडे, सेकंदभर छान धरून ठेवले.

मग मनगटावर मारल्याची खूण केली, दोन फ्री थ्रो दाखवले. लॅपटॉपवर नोंद झाली आणि टेबलावरच्या पोराने पाचव्या फाउलची पाटी वर केली. माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, पाच नंबर, पाच फाउल. बाहेर."

मला तत्क्षणी कळलं. हे मला स्वच्छ लिहायचं आहे. नंतर कळलं, घरी गेल्यावर कळलं, असं नाही. पाटी वर गेली त्याच क्षणी मला माझे दोन तळवे डोळ्यांसमोर दिसले. आणि मी वळून बघितलं तर मसुऱ्याची मुलगी हात वर करून उभी होती. मी शिकवल्याप्रमाणे. सरळ, कोपरात न वाकवता.

टेबलापाशी जाऊन एवढंच म्हणायचं होतं: माझी खूण चुकली, फाउल बत्तीसचा. अशी चूक सामना संपून पंचाची सही होईपर्यंत केव्हाही दुरुस्त करता येते. दहा पावलं होती. मधे ती खुर्ची, तो निरीक्षक, ती वही. मी ती दहा पावलं गेलो नाही. मी पाच नंबरच्या मुलीकडे गेलो.

"पाचवा फाउल. बाहेर जा," मी म्हणालो.

"सर, फाउल माझो नाय."

"माझो, सर! माझो आसा तो!" मसुऱ्याची ओरडत होती. तिचा हात अजून वरच होता.

एरवी मी या मुलांशी मालवणीतच बोलतो. त्या क्षणी माझ्या तोंडातून आलं, "निर्णय झालेला आहे. कृपया मैदान सोडा." तहसील कचेरीतल्या खिडकीआडचा माणूस बोलतो तशी भाषा. त्यांच्या शिक्षिका उठून उभ्या राहिल्या, त्यांना मी हाताने थांबवलं. माझा जोडीदार, कुडाळचा तरुण पंच, जागा बदलताना माझ्याजवळून गेला आणि हळूच म्हणाला, "सर, नक्की पाचच ना?"

"नक्की," मी म्हणालो.

ती मुलगी बाहेर जाऊन बाकावर बसली. टॉवेलमध्ये तोंड घातलं नाही, आदळआपट केली नाही, नुसती माझ्याकडे बघत बसली. मी ती चार मिनिटं कशी काढली ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक शिट्टीला वाटायचं की आता जावं टेबलाकडे, आता जावं. आणि प्रत्येक वेळी माझे पाय बरोबर नव्या पद्धतीने नव्या जागेवर जाऊन टेकायचे. संघ तीन गुणांनी हरला.

स्कोअरशीटचा कागद माझ्यापुढे आला. पेन माझ्या हातात होतं. अजूनही वेळ होता. निरीक्षक उठून शेजारी आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, खुणा आज एकदम स्वच्छ. पाय स्थिर, घाई नाही. मला फार आनंद झाला." मग वही उघडून म्हणाला, "फक्त एकच. तो पाच नंबर दोन हातांनी कशाला दाखवलात? पाच एका हाताने पुरे होता."

त्याने मला दार उघडून दिलं होतं, त्याला ठाऊक नसताना. मी त्याच्या वहीकडे बघितलं. तिथे त्याने एकच गुण कापला होता.

"जुनी सवय," मी म्हणालो, आणि सही केली.

घरी आलो तर बायको दारातच उभी. "जमला?"

"जमला."

तिने तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे केले होते, रसात भरपूर नारळ घालून. पास झालो की करीन म्हणाली होती. मी पानावर बसलो आणि पहिला घास तोंडात तसाच राहिला. ती विचारत राहिली, काय झालं, गोड कमी झालं का. मी म्हटलं, दमलो. ती दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होती की आमच्यानी बोटांची परीक्षा पास केल्यानी. तिला खरं सांगायला मला दोन महिने लागले. तिने ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "त्या चेडवाक म्हायत आसा, तुमका म्हायत होता तां?" मी म्हटलं, त्या मुलीला कळलं की नाही, मला माहीत नाही. पण ते खोटं होतं. ती बाकावरून बघत होती ना माझ्याकडे.

विभागाच्या संघात तिचं नाव आलं नाही. निवडणाऱ्यांना तिची शेवटची चार मिनिटं बघायची होती, तीच नेमकी नव्हती. कदाचित असती तरी घेतलं नसतं. असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं त्याला हिशेब नाही. मला मात्र नवा बिल्ला आला, पुढल्या वर्षांसाठी यादीत नाव आलं. मी त्या हंगामात आणखी सामने केले. एकही खूण चुकली नाही. संघटनेला पत्र लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा कागद फाडला. दिवाळीच्या सुट्टीत एकदा तोंडवलीला गेलो होतो, दुसऱ्याच कामाला. मामाच्या खोल्यांसमोर दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या आणि ती त्यांच्या मधून बादली घेऊन चालली होती. मी स्कूटर थांबवली नाही.

या मे महिन्यात शिबिर पुन्हा लागलं. ती पहिले आठ दिवस आली नाही. पर्यटकांचा मोसम, खोल्या भरलेल्या. शेवटून दुसऱ्या सकाळी मसुऱ्याची मुलगी तिला सायकलवर मागे बसवून घेऊन आली.  मी दोन संघ पाडले आणि खेळ सुरू केला. ती वर्षभरात अंगाने भरली होती, धाव थोडी जड झाली होती, पण वळण तेच. पाचेक मिनिटांनी चेंडू सोडवायच्या नादात तिने समोरच्या मुलीला कोपराने ढकललं. मी शिट्टी मारली.

ती उभी राहिली. हात खाली.

मला वाटलं, विसरली. "हात," मी म्हणालो.

तिने घाम पुसला.

"हात वर कर गो. फाउल तुझो आसा."

"आसा माझो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पण सर, तुमी त्या दिवशी खंय वर केल्लात?"

 मसुऱ्याची खाली बघत होती. रागवायला मला जागा होती. शिस्त, वय, मान, सगळं हाताशी होतं. माझ्या आत कुठेही राग सापडला नाही. नुसती लाज होती. मी गर्दीतून बाहेर आलो. टेबल जिथे असतं तिकडे तोंड करून उभा राहिलो. तिथे टेबल नव्हतं, मुलींच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. मी हात वर केला. मूठ नव्हे, उघडा हात, खेळाडू करतो तसा.

"माझो," मी म्हणालो. "माका तेव्हाच कळला होता. मी बोललंय नाय."

किती वेळ हात वर होता कोण जाणे. खांदा दुखायला लागला तरी मला तो खाली घ्यायचं धैर्य होईना. शेवटी तीच पुढे आली, जमिनीवरचा चेंडू उचलला आणि काखेत धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"आता तो फाउल कोण लिवतलो, सर?" तिने विचारलं.

 मग तिने चेंडू समोरच्या मुलीच्या हातात दिला आणि बचावाला आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

त्या दुपारी मी संघटनेला चौथ्यांदा पत्र लिहायला घेतलं. बायको समोर बसली होती, टपालाचं पाकीट धरून. लिहिलं की त्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्वार्टरमधला तो फाउल बत्तीस नंबरचा होता, पाच नंबरचा नव्हता. पाच नंबरच्या नावावर त्या सामन्यात चारच फाउल आहेत. चूक टेबलाची नाही, माझ्या हाताची आहे, आणि ती मला त्याच वेळी कळली होती. त्याखाली सही केली आणि पाकिटात पत्राबरोबर बिल्ला घातला.